इटली : एक देश, वीस प्रांत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या चिटणिसांनी आम्हांस हा विषय नेमून दिला तेव्हा एक अटही घातली. ती अशी की, प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत जे छापून येते ते पुन्हा ऐकवू नये. अट आम्हांस मनापासून मान्य आहे. अलीकडे आपल्या सभासद-कुटुंबांपैकी पुष्कळजण युरोपची वारी करून येतात. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीस असते, निवृत्तीचा पैसा हाती आलेला असतो, आणि आयुष्यात एकदा तरी जाऊन यावे अशी हौस असते. त्यांत वावगे काहीच नाही. परंतु रोममध्ये दोन रात्री, फ्लॉरेन्सला एक दुपार, पिसाच्या कललेल्या मनोऱ्यास हात लावल्याचे एक छायाचित्र आणि व्हेनिसला तीन तास एवढ्यावर 'इटली पाहिली' असे सांगण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याविषयी आज चार शब्द बोलावेत असा आमचा मानस आहे. दिल्ली, आग्रा आणि जयपूर पाहून परतणाऱ्या परदेशी पाहुण्याने आपल्या देशाविषयी बोलावे, त्यातलाच हा प्रकार होय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इटली हा देश म्हणून जुना नाही. भूमी प्राचीन, नगरे प्राचीन, पण राज्य मात्र १८६१ सालचे. तोवर तेथे कोठे राजा, कोठे ड्यूक, मध्यभागी पोपचे राज्य आणि ईशान्येस ऑस्ट्रियाचा अंमल अशी स्थिती होती. व्हेनिस १८६६ साली सामील झाले, रोम १८७० साली. या एकीकरणाचा मंत्र ज्याने दिला तो जोसेफ मॅझिनी आपणांस परका नाही. सावरकरांनी त्याचे चरित्र व लेख मराठीत आणले, ते पुस्तक १९०७ साली पुण्यात प्रसिद्ध झाले, सरकारने ते जप्त केले, आणि त्याची प्रस्तावना कित्येक तरुणांनी मुखोद्गत केली. हा मॅझिनी जिनोआचा. त्याची समाधी त्या शहराच्या स्टाल्येनो नावाच्या विस्तीर्ण स्मशानभूमीत आहे, आणि आपल्या सहलींचे मोठे मोटार-रथ तिच्या वाटेस सहसा जात नाहीत.

राज्य एक झाले तेव्हा आज ज्या भाषेस आपण इटालियन म्हणतो ती बोलणारे त्या देशात किती होते? भाषापंडितांचे अंदाज शेकडा अडीचपासून दहापर्यंत जातात.  बाकीचे लोक आपापली बोली बोलत. व्हेनिसच्या मनुष्यास सिसिलीचा मनुष्य काय म्हणतो ते उमगत नसे. शाळा, सक्तीची लष्करी नोकरी आणि पुढे १९५४ पासून दूरचित्रवाणी यांनी ती भाषा घरोघर पोचविली. पण आपल्या गावाच्या देवळाच्या घंटाघराची सावली जेथवर पडते तेवढाच आपला मुलूख, ही वृत्ती गेली नाही. त्या वृत्तीस तिकडे एक स्वतंत्र शब्दच आहे, 'काम्पानिलिझ्मो'. 'काम्पानिले' म्हणजे घंटाघर. १ जानेवारी १९४८ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने ही वृत्ती ओळखून देशाचे प्रांत पाडले. आज ते वीस आहेत, आणि त्यांपैकी पाचांस विशेष स्वायत्तता आहे.

या पाचांपैकी एकाची हकीकत आपल्या मंडळींस विशेष उद्बोधक वाटेल. अगदी उत्तरेस, आल्प्सच्या कुशीत, बोल्झानो नावाचे नगर आहे. तेथे उतरलेल्या प्रवाशास आपण ऑस्ट्रियात आलो की काय असा भ्रम होतो. घरांची छपरे तशी, खाणे तसे, आणि दुकानदार जर्मनमध्ये बोलतो. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख इटलीकडे आला. मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या आणि गावांची नावे बदलली गेली. युद्धानंतरही असंतोष धुमसत राहिला, बाँबस्फोटही झाले. अखेर १९७२ साली नवी स्वायत्तता-सनद लागू झाली, आणि १९९२ साली ऑस्ट्रिया व इटली या दोन्ही देशांनी वाद मिटल्याचे जाहीर केले. आता तेथे शेकडा सत्तरीच्या आसपास लोक जर्मनभाषी, बाकीचे बहुतेक इटालियनभाषी, आणि दऱ्याखोऱ्यांत लादिन नावाची जुनी भाषा बोलणारा एक छोटा समाज आहे. तेथील रहिवाशाने आपण कोणत्या भाषिक गटाचे ते लिहून द्यावयाचे आणि सरकारी नोकऱ्यांची वाटणी त्या गटांच्या संख्येच्या प्रमाणात व्हावयाची. शाळाही भाषावार निराळ्या. शांतता नांदली हे खरे, समृद्धीही आली. परंतु शेजारीशेजारी राहणारी मुले आपापल्या शाळांत जातात आणि एकमेकांस पुरती ओळखत नाहीत, अशी तक्रार तेथील विचारी लोकच करतात. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस किंचित अवघडल्यासारखे होते. तरी सांगावयास हवे.

आल्प्स उतरून खाली आले की पो नदीचे सपाट खोरे लागते. येथे आपल्या कोकणातील मनुष्य थबकेल, कारण व्हेर्चेल्लीच्या आसपास वसंतात कोसच्या कोस भातखाचरे पाण्याने भरलेली दिसतात. युरोपीय संघात सर्वांत अधिक भात इटलीच पिकविते. यासाठी काव्हूर या मुत्सद्द्याच्या नावाचा सुमारे ८५ किलोमीटर लांबीचा कालवा १८६३ ते १८६६ एवढ्या अल्पकाळात खोदला गेला. यंत्रे व तणनाशके येण्यापूर्वी बायकांचे तांडे दूरदूरच्या गावांहून येत, गुडघाभर पाण्यात वाकून रोपे लावीत व तण काढीत. १९४९ साली निघालेल्या 'रिझो आमारो', म्हणजे 'कडू भात', या चित्रपटात त्यांचे जिणे दिसते. या तांदळाचा 'रिझोत्तो' म्हणजे मऊ भातच. पण हॉटेलात तो बहुधा मांसाच्या रसात शिजवितात. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. आणखी एक. पार्मा आणि रेज्जो येथील जे प्रख्यात कठीण चीज, त्यात वासराच्या जठरातील विरजण वापरले जाते. त्याच्या नियमातच ते बसते. व्रतस्थ मंडळींस हे ठाऊक असणे बरे. गंमत अशी की, ज्या गाईंच्या दुधाचे हे चीज होते त्यांची निगा राखणाऱ्यांत आज पुष्कळ पंजाबी बांधव आहेत. त्यांचे नोव्हेल्लारा येथील गुरुद्वार २००० सालापासून उभे आहे.

शाकाहाऱ्यांनी मात्र हिरमुसले होऊ नये. जिनोआत हरभऱ्याच्या पिठाचे पाणी-तेल घालून सरसरीत केलेले, भट्टीत भाजलेले 'फारिनाता' मिळते. ते आपले बेसनाचे धिरडेच. दक्षिणेस पालेर्मोत तेच पीठ शिजवून, थापून, वड्या पाडून तळतात आणि पावात घालून रस्त्यावर विकतात. पाटवडी व वडा-पाव यांचा हा संगम पाहून आमच्या सौभाग्यवतींनी जो आनंद व्यक्त केला, तो रोमचे कोलोसियम पाहूनही केला नव्हता.

व्हेनिसविषयी थोडे विस्ताराने बोलणे प्राप्त आहे. शंभरावर बेटे, चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभे राहिलेले राजवाडे, हजार वर्षे टिकलेले आणि १७९७ साली नेपोलियनने बुडविलेले प्रजासत्ताक, हे सर्व आपण वाचले असेल. आता दोन आकडे ऐकावेत. १९५१ साली या जुन्या शहरात सुमारे १,७५,००० माणसे राहात. आज ती संख्या ५०,०००च्या खाली आली आहे. समुद्राने त्यांस घालविले काय? ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटर चढले, १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ चढले, हे खरे. परंतु पाणी अडविण्यास आता समुद्राच्या तोंडाशी उचलते दरवाजे बसविले आहेत आणि ऑक्टोबर २०२० पासून ते कामही देत आहेत. माणसांना घालविले ते मुख्यत्वे घरांच्या भाड्याने, आणि भाडी वाढली ती आपल्यासारख्या पाहुण्यांमुळे. वाण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांचे दुकान आले, आणि वरच्या मजल्यावरील बिऱ्हाड जाऊन तेथे प्रवाशांची खोली झाली. २०२४ सालापासून ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून शहराने प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. तीन तासांचा पाहुणा गर्दी तेवढी करतो, शहराच्या पदरात काही टाकत नाही, असा त्यामागील रोख आहे. आमचे सांगणे एवढेच की, व्हेनिसला जावयाचे तर दोन रात्री राहावे. सायंकाळी झुंडी परतल्यावर त्या गल्ल्यांत शांतता पसरते आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज ऐकू येतो. तो ऐकण्यासाठी तरी राहावे.

मध्य इटलीत टस्कनी, उंब्रिया, मार्के हे प्रांत. फ्लॉरेन्सच्या चित्रशाळांविषयी आमच्याहून जाणत्यांनी लिहिले आहे. आम्ही सिएनाकडे वळतो. या छोट्या नगराचे सतरा वाडे आहेत. प्रत्येकाची हद्द १७२९ सालच्या हुकुमाने आखलेली, प्रत्येकाचे निराळे देऊळ, झेंडा, पदार्थसंग्रहालय आणि कारंजे. कोणाची खूण हंसीण, कोणाची गोगलगाय, कोणाची लांडगीण. मूल जन्मले की धर्मसंस्कार चर्चमध्ये होतोच, पण वाड्याच्या कारंज्यावरही त्यास निराळा 'बाप्तिस्मा' देतात. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी भर चौकात घोड्यांची शर्यत होते. सतरांपैकी दहाच वाड्यांचे घोडे एका वेळी धावतात. त्याआधी घोड्यास देवळात नेऊन आशीर्वाद देतात. स्वार पडला आणि रिकामा घोडा पहिला आला तरी विजय ग्राह्य. ज्या वाड्यास सर्वांत अधिक काळ विजय मिळालेला नाही त्यास सारे गाव 'आजीबाई' म्हणून चिडविते. नवरा एका वाड्याचा व बायको वैरी वाड्याची असली तर शर्यतीच्या दिवसांत ती माहेरी जाऊन राहते, असे सांगतात. वाड्यावाड्यांतील हे वैर शतकानुशतके चालत आले आहे. आमच्या मंडळाच्या निवडणुकीतील चुरस आम्हांस त्यापुढे फार सौम्य वाटली.

रोमविषयी अधिक बोलत नाही. ते सर्वांस पाहावयाचेच असते आणि ते पाहून कोणी निराश झालेला आम्हांस ठाऊक नाही. तेथून आगगाडी सव्वा तासात नेपल्सला नेते, आणि येथे बहुतेक सहली परत फिरतात. आमचे मत विचाराल तर खरी इटली येथून पुढे आहे.

नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात एक वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात, १९३८ साली एका घरात ती सापडली. अंगावर दागिने, दोन्ही बाजूंस दोन दासी, आणि घडण पाहताक्षणीच ओळखावी अशी आपल्याकडील. तिला तिकडे 'लक्ष्मी' म्हणतात. ती यक्षी असावी असे जाणकारांचे मत आहे. मराठवाड्यात जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननात अगदी याच घाटाची हस्तिदंती मूर्ती मिळाली. त्यावरून पाँपेईची मूर्तीही सातवाहनांच्या मुलुखातून गेली असावी असा तर्क काही संशोधकांनी केला आहे. त्या काळच्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण व तगर, म्हणजे आपले तेर, येथून माल भडोचच्या बंदरास जात असल्याची नोंद आहे. उलट दिशेने आलेली समुद्रदेवाची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडली. तेव्हा नेपल्सला गेल्यास या आपल्या माहेरवाशिणीस भेटल्यावाचून येऊ नये.

नेपल्सच्या आग्नेयेस बाझिलिकाता नावाचा कोरडा, डोंगराळ प्रांत आहे. तेथे मातेरा हे गाव. दरीच्या कड्यात कोरलेल्या गुहांची एकावर एक रचलेली ही वस्ती; खालच्या घराचे छप्पर म्हणजे वरच्या घराचे अंगण. हजारो वर्षे तेथे माणसे राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकाच गुहेत नवराबायको, सातआठ मुले, खेचर आणि कोंबड्या अशी बिऱ्हाडे होती. हिवतापाने मुले दगावत. मुसोलिनीने या प्रांतात हद्दपार केलेल्या कार्लो लेव्ही या डॉक्टर-चित्रकाराचे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले आणि सुखवस्तू उत्तरेस या दैन्याची जाणीव झाली. 'राष्ट्राची लाज' असे त्या गावाचे वर्णन होऊ लागले. १९५२ साली कायदा झाला आणि सुमारे १५,००० लोकांस नव्या वसाहतींत हलविण्यास आरंभ झाला. गुहा ओस पडल्या. नळ, वीज, खिडक्या मिळाल्या. परंतु सामाईक अंगणाभोवतीचा जो शेजार होता तो नव्या घरांत बांधता आला नाही. पुढे १९९३ साली त्याच ओस गुहांस जागतिक वारशाचा मान मिळाला आणि २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली. ज्या गुहेत जन्मल्याची लाज वाटे, त्याच गुहेत आज दिवे लावून प्रवाशांस एका रात्रीचे भरपूर भाडे सांगतात. हे चांगले झाले की वाईट, याचा निवाडा आम्ही करीत नाही. ज्या घरांतून ही माणसे हलली ती राहण्याजोगी नव्हतीच. पण तेथे जाणाऱ्याने 'किती सुंदर' असे म्हणण्यापूर्वी, जुनी मांडणी जशीच्या तशी ठेवलेले एखादे गुहाघर आधी पाहावे. खेचराची दावण आणि पाळणा यांत किती अंतर होते ते मनाशी मोजावे.

दक्षिणेचे दारिद्र्य हा एकीकरणानंतरचा जुना प्रश्न आहे. १८७६ ते १९१४ या काळात सुमारे एक कोट चाळीस लक्ष माणसे इटली सोडून गेली. आरंभी त्यांत उत्तरेचेही पुष्कळ होते, पुढे दक्षिणेचा लोंढा लागला. १९५० साली सरकारने दक्षिणेसाठी स्वतंत्र निधी उभारला. धरणे, रस्ते झाले, तरी उत्तर-दक्षिणेची दरी बुजली नाही. शेजारच्या पुल्लिया प्रांतात आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची दगडी घरे पाहावीत, चुन्यावाचून रचलेली. सारावसुली टाळण्यासाठी ती चटकन पाडता यावीत म्हणून तशी बांधली, असे तेथे सांगतात. याच प्रांतात २०१३ साली ऑलिव्हच्या झाडांवर एक जिवाणूजन्य रोग आला आणि शतकांची लक्षावधी झाडे वाळून गेली. खिडकीतून ती राखाडी रांग दिसली की आपल्या आमराया डोळ्यांपुढे येतात.

सिसिलीस जाणारी आगगाडी डब्यांसकट जहाजात चढते, हे मुलांस फार आवडेल. या बेटावर ग्रीक, रोमन, अरब, नॉर्मन आणि स्पॅनिश सर्वांनी राज्य केले. पालेर्मोच्या राजवाड्यातील बाराव्या शतकातील देवालयात भिंतींवर बिझांटाईन कुट्टिमचित्रे, वर अरब कारागिरांचे लाकडी छत, आणि पूजा लॅटिनमध्ये. त्याच शहरात ११४९ सालची एक समाधिशिला आहे. एका ख्रिस्ती पाद्र्याने आपल्या आईसाठी कोरविलेली, आणि मजकूर चार लिप्यांत : हिब्रू, लॅटिन, ग्रीक, अरबी. सार्डिनियास आम्ही ओझरता स्पर्श करतो. तेथे भाषाच निराळी, आणि दगडी बुरुजांची प्रागैतिहासिक गढ्यांची अवशेषसंख्या सात हजारांच्या घरात आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. ऑगस्टच्या मध्यास जाऊ नये. उष्मा असतो आणि स्थानिक दुकाने बंद असतात. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. प्रांतिक गाड्यांचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात छापून घ्यावे, नाहीतर दंड बसतो. कॉफी उभ्याने प्यावी. बसून प्याल्यास तीच महाग पडते.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य भाग. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या व दहाव्या डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे ५०,००० हिंदी सैनिक तेथे गेले आणि ५,७०० हून अधिक परत आले नाहीत. त्यांत सह्याद्रीच्या खोऱ्यांतील मराठी मुले पुष्कळ होती. माणगावजवळच्या पळसगाव-आंबर्डीचे नाईक यशवंत घाडगे, वय वर्षे बावीस, यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सर्व सैनिक ठार वा जखमी झाले असता, एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या मोर्च्यावर चाल केली, तो मोर्चा जिंकला आणि तेथेच देह ठेवला. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या बांधावर दोन जखमींस गोळ्यांच्या वर्षावातून पाठीवर आणले, तीन मोर्चे थंड केले, आणि बांधावर उभे राहून मराठी रणघोष करीत साथीदारांस पुढे बोलाविले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव परतले व १९८४ साली निवर्तले. घाडग्यांचा देह मिळाला नाही. त्यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर आहे. २०२३ साली उंब्रियातील मोंतोने या गावी त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. ते उभारण्यात तेथील लोकांचा पुढाकार होता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

कासिनो हे रोम-नेपल्स मार्गावरच आहे. रोमहून सकाळी निघून सायंकाळी परतता येते. मोंतोनेस पेरुजियाहून मोटारीने जावे. आब्रुझ्झो प्रांतात सांग्रो नदीजवळ टेकडीवर जी युद्ध-दफनभूमी आहे, तिच्यात ज्यांचे दहन झाले अशा ५०० हून अधिक हिंदी सैनिकांचे स्वतंत्र स्मारक आहे. फोर्ली व आरेझ्झो येथेही तशीच आहेत. नावे पलटणवार कोरलेली आहेत, तेव्हा 'मराठा' हा शब्द शोधावा. ज्यांच्या घरातील कोणी त्या लढाईत गेले असेल त्यांनी निघण्यापूर्वी नाव, पलटण आणि गाव टिपून घ्यावे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत नाव घरबसल्या शोधता येते, आणि कोणत्या स्मारकाच्या कोणत्या फलकावर ते आहे हेही कळते. आमच्या आळीतील एका वृद्ध भगिनीने आपल्या चुलत्याचे नाव असे शोधून दिले होते. आम्ही उभयता तेथे गेलो, नाव सापडले. तिने पुरचुंडीत दिलेली हळद-कुंकवाची चिमूट दगडास लावली, आणि छायाचित्र काढून तिला आणून दिले.